वसुलीवाल्यांचा त्रास: इंदूरमधल्या कर्जदाराने काय करायचं, कुठे जायचं

हप्ता थकला की दोन गोष्टी सुरू होतात. बँकेच्या हिशेबात व्याज चढू लागतं आणि फोन येऊ लागतात. व्याज भरणं तुमच्यावर बंधनकारक आहे. फोनवर काय बोलायचं, कधी बोलायचं आणि कुणाशी बोलायचं याला मात्र कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. त्या माहीत नसल्यामुळे माणसं महिनोन्महिने फोन बंद ठेवून, दाराला कडी लावून बसतात.

हा लेख इंदूरच्या अशा मराठी माणसांसाठी आहे ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे. रामबाग-नारायणबागेतलं जुनं कुटुंब असो, की जळगाव-अकोल्याहून नोकरीसाठी येऊन विजयनगरात खोली घेतलेला मुलगा. आपल्याकडे या प्रकरणात सगळ्यात मोठी अडचण अब्रूची असते. शेजाऱ्यांना कळेल, सुनेच्या माहेरी जाईल, गणेशोत्सव मंडळात तोंड कसं दाखवायचं, या भीतीने लोक घरातही बोलत नाहीत. वसुली करणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं आणि तो तिथेच बोट ठेवतो. म्हणून सगळ्यात आधी घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला खरी रक्कम सांगा. पुढचं सगळं त्याने सोपं होतं.

आधी भीती कुठली खरी, ते पाहा

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. ती दिवाणी बाब आहे. हप्ता चुकला म्हणून पोलीस अटक करू शकत नाहीत आणि बँकेच्या सांगण्यावरून कुणी वॉरंटही काढत नाही. फौजदारी बाजू येते ती मुख्यतः दोन ठिकाणी. कर्ज घेतानाच खोटे कागद दिले असतील तर फसवणूक, आणि दिलेला चेक परत गेला तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 138. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तर 2007 च्या पेमेंट आणि सेटलमेंट कायद्याचं कलम 25 तसंच लागू होऊ शकतं. दोन्हींत आधी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही. ही नोटीस दुर्लक्षित करू नका.

कर्ज कुणाचं, हेही स्पष्ट असू द्या. ज्याने सही केली तो कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार. जामीनदार पूर्णपणे अडकतो, त्यामुळे त्याला अंधारात ठेवू नका. पण सही न केलेली बायको, भाऊ, वडील यांच्याकडून एक रुपयाही मागता येत नाही. कर्जदार वारला असेल तर वारसांची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. 'बाप का कर्जा बेटा भरेगा' हे फोनवर ऐकवलं जातं, कायद्यात ते एवढंच आहे.

फोन करणारा नक्की कोण

बँक किंवा फायनान्स कंपनी वसुलीचं काम बाहेरच्या एजन्सीला देते. तसं करताना एजन्सीचं नाव तुम्हाला कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे. घरी येणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असलंच पाहिजे. हे नियम रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच घालून दिले आणि 2022 मध्ये आणखी कडक केले. या कामासाठी एजंटला ठरावीक प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

म्हणून पहिल्याच फोनवर, आवाज न चढवता, एवढंच बोला: "आपका पूरा नाम, एजेंसी का नाम और लोन नंबर बताइए। अथॉरिटी लेटर ईमेल कर दीजिए, फिर बात करेंगे।" हिंदीतच बोला, कारण समोरचा बहुधा हिंदी बोलणारा असतो आणि पुढे या कॉलचं रेकॉर्डिंग पोलीस थान्यात ऐकवायचं असतं. खरा एजंट माहिती देतो. जो नाव सांगायला तयार नाही, त्याच्याशी रकमेबद्दल एक शब्दही बोलू नका. बँकेच्या शाखेला किंवा अधिकृत कस्टमर केअरला स्वतः फोन करून विचारा की आमचं खातं कुणाकडे दिलंय. थकीत खात्यांच्या याद्या बाहेर फिरतात आणि एजंट असल्याची बतावणी करून पैसे उकळणारे भामटेही त्यात असतात.

पैसे द्यायचे झाले तर थेट कर्जखात्यात भरा. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाही. रोख द्यावीच लागली तर कंपनीची छापील पावती हातात पडल्याशिवाय नोटा सोडू नका.

तो काय करू शकत नाही

थकलेल्या कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल, म्हणजे वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं, तर वेळ आणखी कमी, सकाळी 9 ते संध्याकाळी 6. परदेशीपुरा, मालवा मिल भागातल्या बायकांच्या गटकर्जांना हाच नियम आहे. त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे जी फार थोड्या जणींना माहीत असते: वसुली ठरलेल्या जागीच व्हायला हवी. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तुम्ही तिथे गेला नाहीत तरच माणूस घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतो. रात्री नऊला ओट्यावर बसून 'पैसे मिळेपर्यंत हलणार नाही' म्हणणारा सरळ नियम मोडतो आहे. गटातल्या बाकीच्या बायकांना तुमच्या अंगावर घालणं हाही दबावच आहे.

सगळ्याच कर्जांना लागू असलेली मनाई अशी: शिवीगाळ किंवा धमकी, तोंडी असो की अंगावर येऊन. चारचौघांत अपमान. घरचे, मित्र, कर्जाच्या अर्जात संदर्भ म्हणून नाव दिलेले लोक, यांच्या खासगी आयुष्यात घुसणं. मोबाइलवर किंवा सोशल मीडियावर आक्षेपार्ह मेसेज. निनावी फोन. सतत, पाठोपाठ फोन. खोटं बोलणं, उदाहरणार्थ 'कोर्टातून बोलतोय', 'थाने से बोल रहा हूँ'. आणि हे करणारा माणूस एजन्सीचा असला तरी जबाबदारी बँकेचीच राहते. 'तो आमचा कर्मचारी नाही' हे उत्तर बँकेला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2007 मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात गुंडांच्या जोरावर वसुली करण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले होते.

वही घाला

माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे दहा रुपयांची वही. वसुली तोंडी चालते, कारण तोंडी बोललेलं नाकारता येतं. तुम्ही ते कागदावर आणलंत की समोरच्याची भाषा बदलते. आमच्या ओळखीतल्या सुदामानगरच्या एका वहिनींनी लिहिलेली नोंद अशी होती:

"12 तारीख, गुरुवार. रात्री 9.40. नंबर (पूर्ण लिहिला होता). पुरुष, नाव सांगितलं नाही. 'कल तेरे स्कूल में आकर सबके सामने बोलूँगा।' 3 मिनिटं. रेकॉर्डिंग आहे. त्या वेळी सासूबाई शेजारी बसल्या होत्या."

तारीख, वेळ, नंबर, नेमके शब्द, साक्षीदार. 'खूप घाण बोलला' असं लिहू नका, जे बोलला तेच लिहा, लिहायला लाज वाटली तरी. वहिनी शाळेत शिकवतात आणि त्यांना नोकरीचीच धास्ती होती. या नोंदींची प्रत बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला गेली आणि शाळेत जायची भाषा तिथेच थांबली. कर्ज त्या अजून फेडत आहेत.

स्वतःशी झालेला कॉल रेकॉर्ड करा आणि मूळ फाइल मूळ फोनमध्येच ठेवा. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. पुढे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. व्हॉट्सअॅप मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना वर नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. कुणी घरी आलं तर शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्याचं फुटेज त्याच दिवशी मागून घ्या, ते थोड्याच दिवसांत पुसलं जातं.

बँकेला लेखी तक्रार

आता ईमेल. शाखेच्या मॅनेजरला नको, बँकेच्या वेबसाइटवर ज्यांचा पत्ता दिलेला असतो त्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. मजकूर थोडक्यात, हिंदीत किंवा इंग्रजीत. मसुदा साधारण असा:

"माझं कर्ज खातं क्रमांक अमुक. मला कर्ज मान्य आहे आणि ते फेडण्याची इच्छा आहे. नोकरी सुटल्यामुळे तमुक महिन्यापासून हप्ते थकले आहेत. आपल्या वतीने अमुक नंबरांवरून खालील तारखांना व वेळांना धमकीचे फोन आले (यादी जोडली आहे). माझ्या कार्यालयात व नातेवाइकांना फोन झाले. हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे. कृपया एजन्सीचं नाव व अधिकारपत्र कळवावं, हे प्रकार थांबवावेत, पुढचा संपर्क लेखीच करावा आणि हप्त्यांच्या पुनर्रचनेबाबत भेटीची वेळ द्यावी. खात्याचा संपूर्ण उतारा पाठवावा."

'कर्ज मान्य आहे' हे वाक्य मुद्दाम घालायचं. तुम्ही पळ काढत नाही हे त्यातून दिसतं आणि पुढे प्रत्येक टेबलावर त्याचा उपयोग होतो. रकमेबद्दलच वाद असेल तर मात्र तो आकडा मान्य करू नका, वाद लिहा. 2008 च्या नियमांनुसार कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना, ती निकाली निघेपर्यंत बँकेने प्रकरण वसुली एजन्सीकडे द्यायचं नसतं. अपवाद फक्त मुद्दाम केलेल्या खोडसाळ तक्रारींचा. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

उतारा आला की दंडाचा रकाना बघा. 2024 पासून हप्ता चुकल्याबद्दल 'दंडव्याज' लावता येत नाही, फक्त वाजवी दंड आकारता येतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

30 दिवसांत काही झालं नाही तर

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. बँकेचं उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर सीएमएस या पोर्टलवर (सीएमएस.आरबीआय.ऑर्ग.इन) तक्रार करता येते. फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार चालतच नाही. ऑनलाइन जमत नसेल तर साध्या पोस्टाने चंदीगडच्या सेक्टर 17 मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे पाठवा. 14448 हा टोल-फ्री नंबर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हिंदी-इंग्रजीत कागद लिहायला अडखळणाऱ्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा. मनस्तापाची भरपाई देण्याचाही अधिकार लोकपालाला आहे. बँकेच्या उत्तरानंतर रेंगाळू नका, मुदत असते.

बँका आणि मोठ्या एनबीएफसी (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या) यात येतात. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. सहकारी साख संस्था (पतसंस्था) असेल तर सहकारिता खात्याच्या जिल्हा कार्यालयात. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, 1915 वर प्राथमिक माहिती मिळते, पण तिथे वेळ लागतो. नुसता त्रास थांबवायचा असेल तर लोकपालच बरा.

थान्यात जाताना

धमकी, मारहाण, घरात घुसणं, बाईशी अश्लील बोलणं, यासाठी 30 दिवस थांबायचं नाही. समोर प्रकार चालू असेल तर 112 लावा. नंतर थान्यात लेखी अर्ज द्या.

तिथे बहुधा ऐकावं लागतं: "ये तो लेन-देन का मामला है।" यावर वाद न घालता सांगा की कर्जाबद्दल माझी तक्रारच नाही, धमकीबद्दल आहे. अर्जातही कर्जाची गोष्ट दोन ओळींत संपवा आणि नेमके शब्द, तारीख, वेळ वर आणा. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम 351, खंडणीसाठी 308, घरात घुसण्यासाठी 329, वाट अडवण्यासाठी 126, बाईच्या लज्जेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी 79 आहे. कलमं तुम्ही पाठ करायची गरज नाही, पण अर्जाच्या तळाशी लिहिलेली असली की फरक पडतो. बायकांनी थान्यातल्या ऊर्जा महिला डेस्कवर जावं.

मध्य प्रदेशात आणखी एक जुना कायदा आपल्या बाजूने आहे, ऋणियों का संरक्षण अधिनियम, 1937. कर्जदाराच्या मागे मागे फिरणं, घराजवळ किंवा कामाच्या जागी घुटमळत राहणं, दमदाटी करणं, हे त्यात गुन्हा ठरतं. खासगी सूदखोरांविरुद्ध आपल्याकडचे पोलीस याचा बऱ्याचदा वापर करतात. सूदखोराने कोरे चेक किंवा सही केलेला स्टँपपेपर ठेवून घेतला असेल, तर चेकचे नंबर देऊन आपल्या बँकेला 'पेमेंट थांबवा' असं लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या. थान्याच्या अर्जातही ते नंबर टाका.

अर्ज घेतला नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने झोनच्या डीसीपींना किंवा पोलीस आयुक्तांना पाठवा. इंदूरमध्ये डिसेंबर 2021 पासून आयुक्तालय आहे. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. दर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते, आणि सीएम हेल्पलाइन 181 वर केलेली तक्रार संबंधित कार्यालयाला निकाली काढावी लागते. सकाळी लवकर जा, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून घ्या.

लोन अॅपचं प्रकरण वेगळं आहे

पाच-दहा हजारांसाठी घेतलेलं अॅपचं कर्ज तरुण मुलांना सगळ्यात जास्त छळतं. फोनबुकातल्या प्रत्येकाला मेसेज, फोटो बदलून अश्लील चित्रं, 'चोर' म्हणून ग्रुप. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार अॅपला तुमची संपर्क यादी, गॅलरी, कॉल लॉग उघडण्याची परवानगीच मागता येत नाही. जो मागतो तो नियमाबाहेरचा. नोंदणीकृत बँका-एनबीएफसींच्या अॅपची यादी जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे, तिथे नाव शोधा.

असं झालं तर: आधी सगळे स्क्रीनशॉट, मग फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्या बंद, मग अॅप काढून टाका. 1930 वर फोन करा आणि सायबरक्राइम.गव्ह.इन वर तक्रार नोंदवा. फोटो बदलून पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 आणि 67ए खाली येतं. ओळखीच्या लोकांना तुम्हीच एक मेसेज टाका: 'माझा फोन डेटा चोरीला गेला आहे, माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका, पोलिसांत तक्रार दिली आहे.' हा मेसेज गेला की अॅपवाल्याच्या हातातलं हत्यारच जातं. एक अॅप फेडायला दुसरं अॅप घेऊ नका.

मुलगा-मुलगी गप्प गप्प झाली असेल, जेवत नसेल, तर घरच्यांनी रकमेवरून रागवणं बाजूला ठेवावं आणि जवळ बसावं. टेली-मानस 14416 वर चोवीस तास मोफत बोलता येतं. अशा पैशांपायी जीव गेलेले आहेत, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

गाडी आणि घर

गाडी ओढून नेण्याची पद्धत कर्जाच्या करारात लिहिलेली असावी लागते: किती दिवसांची नोटीस, विकण्याआधी शेवटची संधी कशी. रिंग रोडवर अडवून चावी हिसकावणं त्यात बसत नाही. चावी देऊ नका, 112 लावा, व्हिडिओ घ्या.

घरावर कर्ज असेल तर सरफेसी कायदा, 2002 लागतो, म्हणजे तारण ठेवलेली मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊ देणारा कायदा. आधी 60 दिवसांची लेखी नोटीस. तुम्ही हरकत लेखी दिलीत तर बँकेने 15 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ताबा घेण्याच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं, आपल्यासाठी ते जबलपूरला आहे. इथे मात्र वकील हवाच. बाकी कोणताही एजंट घरातला टीव्ही, भांडी, दागिने उचलून नेऊ शकत नाही. कोर्टाच्या हुकमाने जप्ती आली तरी कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं आणि बाईने धर्मानुसार उतरवू नये असे दागिने यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने संरक्षण आहे.

व्हॉट्सअॅपवर 'वॉरंट' आलं तर घाबरू नका, केस नंबर ईकोर्ट्सच्या वेबसाइटवर टाकून बघा. लोकअदालतीची नोटीस मात्र बहुधा खरी असते आणि ती चांगली संधी असते, जरूर जा.

तडजोड करताना

एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव फोनवर स्वीकारू नका. बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही बाकी नाही' हे लिहून आल्यावरच पैसे भरा. सूट घेऊन मिटवलेलं खातं सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' दिसतं आणि पुढचं कर्ज अवघड होतं, त्यामुळे थोडी मुदत मागून पूर्ण भरणं जमत असेल तर तेच बघा. नाहरकत प्रमाणपत्र घ्या. घराचे कागद पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत परत मिळायला हवेत, बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. नोंद चुकली असेल तर 30 दिवसांत दुरुस्त व्हायला हवी, नाहीतर दिवसाला 100 रुपये.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 लावा. बायकांना उत्पन्नाची अट नसताना मोफत वकील मिळतो. आधार कार्ड, कर्जाचा करार, खात्याचा उतारा आणि ती वही सोबत न्या.